एल्स्पा आणि बिरिता यांच्या मधली जागा

आमच्या ह्वानाविक गावची बस एल्स्पा चालवते. सकाळी साडेसातला गावातून निघायचं, डोंगर, दोन बोगदे आणि एक पूल पार करून राजधानीला, म्हणजे हावनला पोचायचं आणि संध्याकाळी पाचला परत फिरायचं. असं तिचं बावीस वर्षं चाललंय. बाईचं वय एकोणसाठ, उंची बेताची, आवाज मात्र बंदरावरच्या भोंग्याच्या तोडीचा. बसला हॉर्न आहे म्हणतात. आम्ही तो ऐकलेला नाही. रस्त्यात मेंढी आडवी आली की एल्स्पा खिडकीची काच खाली करते आणि स्वतःच ओरडते. मेंढ्यांना ती नावानं हाक मारते, पण ती नावं मेंढ्यांच्या मालकांची असतात.

"दानियाल, हट तिथून! लाज नाही वाटत, रस्त्यात चरतोस?"

आणि खरा दानियाल मागच्या सीटवर बसलेला असतो. तो बिचारा खिडकीबाहेर बघत राहतो.

बिरिता एकतीस वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या बेटावरून आमच्या शाळेत शिकवायला आली आणि एल्स्पाच्या घराची माडी तिनं भाड्यानं घेतली. पहिल्या वर्षी बिरिता माडीवर राहायची. दुसऱ्या वर्षापासून माडीवर बटाटे राहायला लागले. बटाटे वर गेले म्हणजे बाई खाली आली, हे ओळखायला आमचं गाव काही आंधळं नव्हतं. पण बोलायचं कुणी? वाऱ्याबद्दल विचारा, आम्ही तासभर बोलू. कुठून सुटला, कुणाचं छप्पर नेलं, उद्या कुठं वळेल, सगळं सांगू. जी गोष्ट खरोखर बोलायची असते, तिच्यापाशी आलो की मात्र आम्ही खोकतो आणि पुन्हा वाऱ्यावर येतो. त्यामुळे बिरिता ही 'एल्स्पाची भाडेकरू' होती ती भाडेकरूच राहिली. तिनं गावातल्या दोन पिढ्यांना अक्षरं शिकवली, त्या पिढ्याही तिला भाडेकरूच म्हणत.

हे गप्प बसणं म्हणजे आमचा चांगुलपणा होता, असं मी म्हणणार नाही. थोडा चांगुलपणा होता, थोडी भीती होती, आणि चर्चमधल्या पुढच्या दोन बाकांवर निव्वळ आठ्या होत्या. नाताळात आमच्याकडे शेजारपाजारी रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बरणी द्यायची पद्धत आहे. जोडप्याला एक बरणी आणि एकट्या माणसाला एक बरणी. एल्स्पाच्या घरी दर नाताळात प्रत्येक शेजाऱ्याकडून दोन बरण्या यायच्या, एक तिची आणि एक भाडेकरूची. एवढा मुरंबा दोन माणसांनी खायचा कसा? बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ती वसंतापर्यंत मुरंबा चाटवायची.

पण एल्स्पाला बरण्यांचं दुःख नव्हतं. तिला सलायचा तो नाच.

आमच्या नाचाला ना ढोल लागतो ना वाजंत्री. हातात हात धरून फेर धरायचा. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, असं लाकडी जमीन दणाणेपर्यंत करायचं आणि सगळ्यांनी तोंडानं पोवाडा म्हणायचा. पोवाडे शंभर-दीडशे कडव्यांचे. म्होरक्या कडवं उचलतो, आम्ही त्याच्यामागून ओढत नेतो. फेरात यायला कुणाची परवानगी लागत नाही. उशिरा आलेल्यानं वाटेल तिथं दोघांचे हात सोडवायचे, मध्ये शिरायचं आणि आपले हात द्यायचे. गरीब, श्रीमंत, भांडण झालेला, पलीकडच्या गावचा, सगळ्यांना फेर घेतो. एकच जागा वर्ज्य. लग्नाच्या जोडप्याच्या मध्ये शिरायचं नाही.

एल्स्पाची इच्छा काही फार मोठी नव्हती. बिरिताचा हात धरून एक अख्खा पोवाडा नाचायचा, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, मध्ये कुणी न घुसता. पण ह्या दोघी तर गावाच्या लेखी घरमालकीण आणि भाडेकरू. मग जो येई तो नेमका त्यांच्याच मध्ये शिरे. एका वर्षी त्यांनी एक्केचाळीस कडवी गाठली होती. एल्स्पा श्वास रोखून नाचत होती. बेचाळिसाव्याला दानियाल आला, अंगाला माशांचा वास, हातात अर्धा केक, आणि "सरका, सरका" करत दोघींच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या मेंढीला एल्स्पा इतकं का बोलते, ते आता वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल.

पुढं आमच्या बेटांवर दोन बायकांना किंवा दोन पुरुषांनाही लग्न करता येईल असा कायदा झाला, आणि सात वर्षांपूर्वी एका मंगळवारी एल्स्पानं हावनला बस उभी केली, जेवणाच्या सुट्टीत बिरिताला घेऊन नगरपालिकेत गेली आणि लग्न करून आली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय, सगळ्यांना तर ठाऊकच आहे, असं तिचं म्हणणं. संध्याकाळची बस चाळीस मिनिटं उशिरा सुटली, एवढीच काय ती वरात. पण नगरपालिकेतली कारकून आमच्याच कुणाच्या तरी चुलतबहिणीची सून. बस गावात पोचायच्या आत बातमी पोचली होती.

आणि गंमत बघा, गावानं एक अक्षर न बोलता सगळं बदललं. त्या नाताळात प्रत्येकाकडून एकच बरणी आली. एल्स्पानं पहिली बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि फेब्रुवारीपर्यंत उघडली नाही. फेरातही लोक दोघींना वळसा घालून पुढं जायला लागले. दानियालसुद्धा. फक्त एक माणूस सोडून.

तो माणूस म्हणजे हानुस, आमचा म्होरक्या. वय अठ्ठ्याहत्तर, बोटीवर आयुष्य गेलेलं, सत्तर पोवाडे तोंडपाठ. म्होरक्यानं फेरात सगळ्यात शेवटी यायचं अशी आमची रीत. फेर जमला की हानुस दारातून येई, घसा साफ करी, संबंध फेर डोळ्यांखालून घाली आणि चालत चालत थेट एल्स्पा-बिरितापाशी जाऊन मध्ये शिरे. सात वर्षं, दर नाचाला. नात्यानं तो एल्स्पाच्या आईचा मामेभाऊ. वरून चर्चच्या पुढच्या बाकावर बसणारा. एल्स्पानं त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

"म्हातारा आहे गं, जाऊ दे," बिरिता म्हणायची. "आणि त्याचा हात छान उबदार असतो."

"मला त्याचा हात नकोय. तुझा हवाय."

"माझा घरी आहेच की."

"घरी काय, घरी कुणी बघत नाही!"

यावर बिरिता हसायची आणि वह्या तपासायला घ्यायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तिच्याकडे तपासायला वह्या कुठून येतात, हे मला कळलेलं नाही.

इकडं हावनचा प्राइड, म्हणजे एल्स्पा-बिरितासारख्या जोड्यांची झेंड्यांची मिरवणूक, वर्षागणिक फुगत चालला. ओलाव्हच्या सणाच्या तोंडावर, सत्तावीस जुलैला, अर्धा देश रस्त्यावर. परदेशातून पाहुणे येऊ लागले आणि हावनमधल्या खोल्या पुरेनाशा झाल्या. मग एल्स्पानं माडीवरचे बटाटे शेडमध्ये हलवले, माडीला रंग दिला आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पाहुण्यांची पत्रं यायची, जरा बिचकतच लिहिलेली. आम्ही दोघं पुरुष आहोत, चालेल ना? एल्स्पाचं उत्तर ठरलेलं. चालेल. बूट दाराबाहेर काढावे लागतील आणि टांगलेल्या मांसाच्या वासाला नावं ठेवायची नाहीत. ते मेंढीचं मांस महिनोन्‌महिने वाऱ्यावर टांगून मुरवलेलं असतं. पाहुणे पहिल्या दिवशी त्याच्यापासून लांब बसतात आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतात.

यंदा हॉलंडचं लग्न झालेलं जोडपं आलं होतं, योरिस आणि मार्टेन. योरिसचं सायकल दुरुस्तीचं दुकान, मार्टेन बेकरीवाला. येताना छत्री घेऊन आले. ती पहिल्या तासात वाऱ्यानं समुद्रात नेली. जेवताना योरिसनं हळूच विचारलं, "गावात आम्ही दोघं हातात हात घालून हिंडलो तर कुणाला काही वाटेल का?"

"आज संध्याकाळी नाचघरात या," एल्स्पा म्हणाली. "तिथं हात न धरणाऱ्याला आम्ही बाहेर काढतो."

आले. दोघंही ताडमाड, पावलं साफ चुकीची, पण उत्साह दांडगा. फेर जमला. दारातून हानुस आला. घसा साफ केला, नजर फिरवली आणि निघाला. आधी योरिस आणि मार्टेन लागले. त्यांच्यापाशी हानुस थांबला, मान तुकवली आणि त्यांना वळसा घालून पुढं गेला. मग एल्स्पा आणि बिरिता. त्यांचे हात सोडवले, आणि शिरला मध्ये.

कॉफीच्या वेळी मार्टेननं अगदी साधेपणानं विचारलं, "ते आजोबा तुमच्याच मध्ये का आले? आमच्या मध्ये नाही आले."

एल्स्पानं कप खाली ठेवला. कप फुटला नाही, एवढंच.

"परक्यांना वाट देतो!" ती बिरिताला म्हणाली. "कालच्या बोटीनं आलेल्यांना! आणि मला नाही! उद्या मी विचारणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस खच्चून भरली. पोरांच्या गालांवर सात रंग, खिडक्यांतून झेंडे, मागं दानियाल गळ्यात कागदी फुलांची माळ घालून. पहिल्या सीटवर बिरिता, तिच्या मागं योरिस-मार्टेन. शेवटच्या क्षणी हानुस चढला. बरोबर बायको माल्लन. अंगात चांदीच्या बटणांची जाकिटं, पायांत सणाचे बूट.

"हानुसमामा, कुठं?" एल्स्पानं आरशातून विचारलं.

"दाताच्या डॉक्टरकडे."

"चांदीची बटणं लावून?"

"बाकीचे कपडे धुवायला टाकलेत," हानुस म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

पहिला बोगदा एकपदरी आहे. समोरून कुणी आलं की भिंतीतल्या खोबणीत गाडी घालायची आणि वाट द्यायची. एल्स्पानं बस खोबणीत घातली. समोरून कुणीच येत नव्हतं. तिनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि सीटवरून पूर्ण मागं वळली.

"हानुसमामा."

"काय गं पोरी?"

"काल परत मध्ये आलास."

"कशाच्या मध्ये?"

"माझ्या आणि बिरिताच्या. सात वर्षं येतोयस."

"फेरात माणूस कुठंही येतो."

"लग्नाच्या जोडप्यात येत नाही."

"बरोबर. नाही येत."

"मग?"

"मग काय? तुमचं लग्न कुठं झालंय?"

मागच्या कुणीतरी झेंडा हळूच खाली घेतला.

"कागद आहे माझ्याकडे!" एल्स्पा ओरडली. आवाज बोगद्याच्या दोन्ही टोकांना जाऊन परत आला. "सही आहे, शिक्का आहे!"

"कागद माझ्याकडे ट्रॅक्टरचाही आहे. पोवाडा कुणी म्हटला ते सांग. तुझ्या आईच्या लग्नात माझ्या बापानं म्हटला. तुझ्या भावाच्या लग्नात मी म्हटला. ह्या दानियालच्या दोन्ही लग्नांत मी म्हटला, दुसऱ्या वेळी घसा बसला होता तरी म्हटला."

"माझं नाव कशाला?" मागून दानियाल.

"तू गप. आणि तू एल्स्पा? मंगळवारी! जेवणाच्या सुट्टीत! दात उपटून यावं तशी गेलीस आणि लग्न उरकून आलीस! मला कळलं कुणाकडून? माल्लनच्या चुलतबहिणीकडून, फोनवर! ह्या गावात ज्या लग्नात मी पोवाडा म्हटला नाही, ते मी पाहिलेलं नाही. मी न पाहिलेलं लग्न मी कसं मानू?"

"आणि ते हॉलंडचे? त्यांचं पाहिलंस?"

"त्यांचं लग्न त्यांच्या गावात झालं. तिथं त्यांचा कुणी म्होरक्या असेल. दुसऱ्या म्होरक्याचा मान मी मोडू?"

योरिसला बाकीचं काही कळलं नसावं, पण आपलं काहीतरी चाललंय हे ओळखून त्यानं मान डोलावली.

एल्स्पाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मला वाटलं, तू चर्चचा माणूस. तू येणार नाहीस."

"विचारलंस?"

आवाज पुन्हा चढला. "तू विचारलंस? बिरिता तुझी कोण, असं कधी एकदा तरी? वर्षानुवर्षं दारावरून जाताना 'भाडेकरू बरी आहे ना', 'भाडेकरू बरी आहे ना'! तिला ताप आला, मी तीन रात्री जागले, तेव्हासुद्धा तू काय म्हणालास? आता नवी भाडेकरू बघावी लागते की काय!"

हानुसनं एक बटण धरलं आणि फिरवत राहिला. तेवढ्यात दारावर थाप पडली. मागून आलेल्या मालमोटारीचा चालक गाडी थांबवून उतरून आला होता.

"बस बिघडली का?"

"नाही रे बाबा, घरगुती बोलणं चाललंय," माल्लन म्हणाली. "दोन मिनिटं थांब."

"सावकाश, सावकाश," तो म्हणाला आणि पायरीवरच टेकून ऐकायला लागला.

"मी भ्यालो," हानुस शेवटी म्हणाला. हे वाक्य त्यानं वादळातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. "चर्चच्या बाकावर माझ्या शेजारी कोण बसतं, तुला ठाऊक आहे. ते काय म्हणतील म्हणून मी विचारलं नाही. ती चूक माझी. पण नाच चुकवलास ती तुझी. त्यात मी कमीपणा घेणार नाही."

एल्स्पानं मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "ती माझी."

बिरिता सीटवरून मागं वळली. ती म्हणाली, "हानुस, दाताचा दवाखाना आज बंद आहे. डॉक्टरीणबाई मोठा झेंडा घेऊन मिरवणुकीत चाललीय."

बस अशी हसली की मालमोटारवाला पायरीवरून घसरला. हानुसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग तिथंच दाखवीन तिला दात," तो पुटपुटला.

"आमचा पोवाडा आज म्हणशील?" बिरितानं विचारलं.

"कुठं? रस्त्यावर? वऱ्हाडाला मांसाचं सूप न पाजता लग्न?"

"सूप संध्याकाळी घरी. मांस टांगलेलंच आहे."

हानुसनं विचार करायला वेळ घेतला, म्होरक्याला शोभेल इतका. "एकशे चौतीस कडवी आहेत. एकही गाळणार नाही. ते कर्ण्यावर गाणी वाजवणारे थांबतील का तेवढा वेळ?"

"न थांबून सांगतायत कुणाला?" एल्स्पा म्हणाली आणि इंजिन चालू केलं.

हावनमध्ये माणूस मावत नव्हता. वारा असा की प्रत्येक झेंड्याला दोन माणसं. आम्ही सगळे मिरवणुकीत बंदरापासून चौकापर्यंत चाललो. योरिस आणि मार्टेन हातात हात घालून, एवढ्या वाऱ्यात न उडता. चौकात व्यासपीठावरची भाषणं संपली तसा हानुस मधोमध जाऊन उभा राहिला. त्यानं कर्णा घेतला नाही. घसा साफ केला आणि लग्नाच्या पोवाड्याचं पहिलं कडवं उचललं. ह्वानाविकची मंडळी धावली, फेर धरला. एल्स्पा, तिच्या डाव्या हाताला बिरिता. हानुसनं नजर फिरवली, दोघींना पूर्ण वळसा घातला आणि पलीकडे माल्लनचा हात धरला.

दहा कडवी. तीस. फेराचे दोन फेर झाले, मग तीन, एकात एक. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, मालमोटारवाला आला, ज्यांना शब्द येत नव्हते ते नुसतेच पाय आपटत होते. बेचाळिसावं कडवं आलं तेव्हा एल्स्पानं चटकन दानियालकडे पाहिलं. दानियालनं आपले दोन्ही हात पकडलेले आहेत हे वर करून दाखवलं.

साठाव्याच्या पुढं कधीतरी गर्दीतून एक परदेशी तरुण आला. केसांत चमकी, अंगावर झूल, चेहऱ्यावर इतका आनंद की त्याला काय बोलणार? त्याला नाच आवडला होता, आणि मोकळ्या मनानं त्यानं एल्स्पा आणि बिरिताच्या हातांवर हात ठेवला आणि मध्ये शिरायला लागला. एल्स्पाचा चेहरा दगडासारखा झाला. पण ती ओरडली नाही.

आणि हानुसनं पोवाडा थांबवला.

नाचघराचे पत्रे उडाले होते तेव्हा तो थांबला नव्हता. त्याचा स्वतःचा भाऊ फेरात चक्कर येऊन पडला होता, तेव्हाही कडवं पुरं करून मग त्यानं पाणी मागितलं होतं. अर्ध्या ओळीत थांबलेला हानुस आमच्यातल्या कुणीही पाहिला नव्हता. अख्खा चौक एका पायावर उभा राहिला.

"तिथं नाही!" हानुस गरजला. "ती लग्नाची जोडी आहे! माझ्या गावची!"

तरुण घाबरून मागं सरला. माल्लननं त्याच्याकडे बघून मान हलवली आणि हानुसच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"ये रे बाळा, इथं ये, आमच्या मध्ये," ती म्हणाली. "बावन्न वर्षं धरलाय ह्याचा हात. मला जरा सुटका."

तरुण दोघांच्या मध्ये उभा राहिला. हानुसनं बायकोकडे एकदा रागानं बघितलं, मग ज्या शब्दावर सोडलं होतं त्याच शब्दावर पोवाडा पुन्हा उचलला, आणि चौकाचा वर राहिलेला पाय खाली आला.

एकशे एकोणिसाव्या कडव्याला बिरिता एल्स्पाच्या कानाशी वाकली. मी अगदी शेजारी होतो म्हणून ऐकलं.

"एल्स्पा, मला बाथरूमला जायचंय."

"अजून पंधरा आहेत."

"अगं, सकाळपासून..."

"पंधरा," एल्स्पा म्हणाली आणि हात आणखी घट्ट धरला.

बिरितानं ती पंधराही कडवी नाचली. शेवटची चार जरा घाईत.